चलन, वजनकाटा आणि दुमडलेले पान: भोसरीतील एका कारखान्याचा प्रकरण अभ्यास

हा अभ्यास पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याचा आहे. मालकांच्या इच्छेनुसार कारखान्याचे नाव दिलेले नाही. ज्या कंपनीकडून त्यांनी पहिली संगणकप्रणाली घेतली तिचे नावही मी मुद्दाम टाळले आहे, कारण त्या प्रणालीत तांत्रिक दोष फारसे नव्हते आणि तरीही तिचा मोठा भाग वापराविना पडून राहिला. हे असे का झाले, आणि त्याच कारखान्यात पुढे एक अगदी लहान साधन कसे रुजले, हे समजून घेण्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे. लहान कारखान्यांमध्ये संगणकप्रणाली बसवून देणे हा माझा व्यवसाय आहे. या प्रकरणात मला दुसऱ्या टप्प्यावर बोलावण्यात आले.

कारखाना आणि त्याची खरी अडचण

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या परिसरात असे शेकडो कारखाने आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली, आणि पुढे टेल्को (नंतरची टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या लहान उद्योजकांची एक मोठी फळी येथे उभी राहिली. ज्या कारखान्याविषयी मी लिहीत आहे तो सध्याच्या मालकांच्या वडिलांनी दोन हातलेथवर सुरू केला होता. आज तेथे सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारी कातकामाची यंत्रे, आहेत, दोन पाळ्यांत काम चालते, आणि दुचाकी व ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी पिना, शाफ्ट आणि बुश तयार होतात.

बाहेरून पाहणाऱ्याला असे वाटते की कारखान्याची अडचण यंत्रांवर असणार. येथे ती फाटकाबाहेर होती. पिन सीएनसीवर कातून झाली की ती हीट ट्रीटमेंटसाठी, म्हणजे भट्टीत तापवून कठीण करण्यासाठी, त्याच वसाहतीतील दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाते, तेथून सेंटरलेस ग्राइंडिंगसाठी, म्हणजे घासून अचूक व्यासाची करण्यासाठी, तळवड्याला जाते, काही पिनांना त्यानंतर झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) असते, आणि मग माल शेवटच्या तपासणीसाठी घरी येतो व चाकणला रवाना होतो. म्हणजे एका पिनेच्या आयुष्यातील बहुतेक दिवस मालकाच्या छपराखाली जातच नाहीत. ग्राहकाचा फोन येतो, 'उद्या दुपारी लाइनवर माल हवा', आणि मग संध्याकाळी तीन-चार जॉबवर्कवाल्यांना (मजुरीवर प्रक्रिया करून देणाऱ्यांना) फोन लावून कोणता लॉट कोठे पडून आहे याचा शोध सुरू होतो. ग्राहकाची लाइन थांबली तर डेबिट नोट येते, म्हणजे नुकसानीची रक्कम आपल्या नावे टाकली जाते, त्यामुळे मालक सुरक्षिततेसाठी गरजेपेक्षा जास्त माल कातून ठेवत. जास्तीचा माल म्हणजे जास्तीचे पोलाद, आणि पोलादाचे पैसे आधी द्यावे लागतात. बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा सतत भरलेली असण्याचे मूळ कारण हे होते, जरी ते ताळेबंदात कोठेही या नावाने दिसत नव्हते.

या सगळ्या मालाचा हिशोब एका माणसाकडे होता. त्यांना सगळे काका म्हणतात. ते मालकांच्या वडिलांच्या काळापासून स्टोअर सांभाळतात. त्यांच्यापाशी एक लांबट, जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर असे, आणि माल कोठे आहे हे त्या रजिस्टरला आणि काकांना ठाऊक असे. काका लग्नकार्याला गावी गेले की कारखाना दोन दिवस अंधारात काम करी.

पहिली खरेदी

1 ऑगस्ट 2023 पासून वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांपेक्षा जास्त असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले क्यूआर कोडचे बिल, अनिवार्य झाले. या कारखान्याची उलाढाल त्या मर्यादेच्या वर होती, त्यामुळे बिलाची जुनी पद्धत बदलणे भागच होते. बदलायचेच आहे तर सगळेच एकदम बदलावे, असा विचार करून मालकांनी संपूर्ण ईआरपी प्रणाली घेतली. विक्री, खरेदी, साठा, उत्पादन नियोजन, गुणवत्ता, यंत्रदेखभाल असे सगळे विभाग तिच्यात होते. हा निर्णय चुकीच्या हेतूने झाला नव्हता, हे मला स्पष्ट नोंदवावेसे वाटते. अनेक मालक याच रस्त्याने जातात, कारण विक्रेत्याच्या कार्यालयातील प्रात्यक्षिकात सगळे लॉट एका पडद्यावर रांगेने उभे असतात आणि रात्रीचे फोन आता बंद होणार असे मनापासून वाटते.

मी कारखान्यात पोहोचले तेव्हा या प्रणालीला वर्ष उलटून गेले होते. तिचे कोणते विभाग जिवंत आहेत आणि कोणते नाहीत, हे मी सर्वांत आधी पाहिले. बिलांचा विभाग चोख चालत होता. एकही बिल त्याच्या बाहेर तयार होत नव्हते आणि हिशोबनीस बाई त्यावर समाधानी होत्या. खरेदी आणि देणी यांचा विभागही बऱ्यापैकी चालत होता. साठ्याच्या विभागात मात्र भरलेले आकडे प्रत्यक्षाशी जुळत नव्हते, आणि उत्पादन नियोजनाचा विभाग पहिल्या दिवाळीनंतर कोणी उघडलाच नव्हता.

एकाच विक्रेत्याने, त्याच माणसांना, त्याच महिन्यात शिकवलेले दोन विभाग: एक चालतो आणि दुसरा मरतो. 'आमची माणसे शिकलेली नाहीत' किंवा 'कामगारांना बदल नको असतो' ही स्पष्टीकरणे मला मालकांकडून आणि विक्रेत्याकडूनही ऐकायला मिळाली. पण बिलाच्या पडद्यावर बसणाऱ्या बाई आणि साठ्याच्या पडद्यावर बसणारा मुलगा यांच्या शिक्षणात काही फरक नव्हता. फरक कामात होता. बिलावर क्यूआर कोड छापून आल्याशिवाय ग्राहकाच्या फाटकातून गाडी आत जात नाही, म्हणून प्रणालीत नोंद करणे हेच बिल बनवण्याचे काम आहे. साठ्याचे तसे नव्हते. माल कार्बनच्या चलनावर (मालासोबत जाणाऱ्या पावतीवर) निघून गेलेला असे, टेम्पो तळवड्याला पोहोचलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा चलनांचा गठ्ठा घेऊन झालेल्या कामाची नोंद प्रणालीत चढवत असे. ही नोंद झाली नाही म्हणून कोणाचे काही अडत नव्हते. ज्याला ती करावी लागत होती त्याला तिचा उपयोग नव्हता, आणि ज्याला उपयोग होणार होता ते मालक ती वेळेवर होत नाही म्हणून पुन्हा काकांनाच विचारत होते.

याच्या जोडीला काही गोष्टी प्रणालीच्या रचनेतच कामाशी विसंगत होत्या. त्यांपैकी एक महत्त्वाची आहे. हीट ट्रीटमेंट झालेला माल पुष्कळदा भोसरीतील कारखान्यात परत न येता सरळ तळवड्याला ग्राइंडिंगसाठी जातो. टेम्पोचे एक भाडे वाचते आणि दिवसही वाचतो. जीएसटी कायद्यालाही हे मान्य आहे: एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडे माल योग्य चलनावर थेट पाठवता येतो. प्रणालीत मात्र असा रस्ताच नव्हता. माल आधी 'आवक' दाखवायचा आणि मग 'जावक' दाखवायचा, अशा दोन खोट्या नोंदी कराव्या लागत. ज्या मालाने फाटक ओलांडलेच नाही त्याची आवक नोंदवायला काकांनी साफ नकार दिला होता. माझ्या मते त्यांचा नकार योग्य होता, कारण स्टोअरच्या माणसाची सगळी पत त्याच्या नोंदीवर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट नावांची. पडद्यावर प्रत्येक वस्तूला ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून घेतलेला लांबलचक क्रमांक होता. कारखान्यात त्याच वस्तू 'खाचेची पिन', 'आखूड दांडी', 'दोन कॉलरवाली' अशा नावांनी ओळखल्या जातात, आणि त्या नावांत चूक होत नाही. क्रमांकांत होत असे, कारण उजव्या आणि डाव्या बाजूच्या शाफ्टचे क्रमांक शेवटच्या एका अक्षरानेच वेगळे होते.

तिसरी गोष्ट परवान्यांची. प्रणाली वापरकर्त्यांच्या संख्येवर विकली गेली होती, म्हणून मालकांनी मोजकेच परवाने घेतले आणि दोन्ही पाळ्यांतील माणसे एकाच नावाने आत शिरत. नोंद कोणी केली हे कळण्याची सोय त्यामुळे कागदावरच राहिली.

दहा दिवस स्टोअरमध्ये

मला बोलावले गेले ते साठ्याचा विभाग 'दुरुस्त' करण्यासाठी. मी मालकांना विनंती केली की पहिले दहा दिवस मला काहीही बसवायला सांगू नये आणि स्टोअरमध्ये एक खुर्ची द्यावी. ही विनंती मी आता प्रत्येक ठिकाणी करते. मालक काकांना म्हणाले, "काका, मॅडम इथं बसतील. त्या विचारतील ते सांगा, पण तुमच्या कामाला खोटी नको." काका म्हणाले, "बसू द्या की दादा, मला काय."

चौथ्या दिवशी मी रजिस्टर नीट पाहिले. माझी समजूत होती की ते वस्तूंनुसार लावलेले असेल, कारण प्रणालीत साठा वस्तूंनुसार दिसत असे. रजिस्टर पार्ट्यांनुसार होते. हीट ट्रीटमेंटवाल्याची चार पाने, तळवड्याच्या ग्राइंडिंगवाल्याची सहा, प्लेटिंगवाल्याची दोन. डावीकडे गेलेला माल, उजवीकडे आलेला, आणि ओळ पूर्ण झाली की शिसपेन्सिलीची बारीक बरोबरची खूण. काही पानांचे वरचे कोपरे आतल्या बाजूला दुमडलेले होते. मला वाटले, वापरून वापरून दुमडले असतील. मी एक कोपरा बोटाने सरळ करायला गेले तेव्हा काकांनी पटकन हात पुढे केला. "नको मॅडम, ते राहू द्या. ते अडकलेलं आहे." ज्या पार्टीकडे माल ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिला आहे, तिचे पान ते दुमडत. सकाळी आल्यावर रजिस्टर बंद असतानाच कडेने पाहिले की किती कोपरे दुमडलेले आहेत हे दिसे, आणि त्यावरून पहिला फोन कोणाला लावायचा हे ठरे.

या एका दुमडलेल्या कोपऱ्यात कारखान्याला हवा असलेला सगळा अहवाल होता. कोणत्या वस्तूचे किती नग शिल्लक, हा प्रश्न काकांच्या दिवसात क्वचितच उपस्थित होई. आज कोणाला फोन लावायचा, हा रोजचा प्रश्न होता. आधीच्या प्रणालीत साठ्याचे अनेक अहवाल होते आणि त्यांतील कोणताही या प्रश्नाचे सरळ उत्तर देत नव्हता. तसा अहवाल बनवता आला नसता असे नाही. स्टोअरमध्ये काका सकाळी काय पाहतात, हे पाहायला प्रणाली बनवणाऱ्यांपैकी कोणी आलेच नव्हते.

वजनकाट्याचा वाद

त्या दहा दिवसांतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वजनकाट्यापाशी सापडली, आणि ती मी थोड्या विस्ताराने सांगते.

लहान पिना हाताने मोजत नाहीत. काट्यावर थोडे नग ठेवून एका नगाचे वजन काढायचे, मग पूर्ण क्रेट ठेवून क्रेटचे वजन वजा करायचे, आणि काटा नग दाखवतो. ग्राइंडिंगमध्ये पिनेचे साहित्य घासले जाते, म्हणून परत आलेली पिन गेलेल्या पिनेपेक्षा हलकी असते. हे सगळ्यांना ठाऊक होते. कामाच्या गडबडीत प्रत्येक लॉटचे नमुना-वजन नव्याने घेतले जात नसे. त्याऐवजी जाताना जे वजन होते त्यात सरसकट 2 टक्के 'घट' धरण्याची रीत फार पूर्वी पडली होती, आणि तीच रीत प्रणालीतही जशीच्या तशी टाकलेली होती.

तळवड्याच्या ग्राइंडिंगवाल्याशी कारखान्याचे संबंध बिघडलेले होते. त्याच्याकडून येणाऱ्या काही पिना नेहमी कमी भरत. मालक त्याच्या बिलातून पैसे कापत, तो चिडे, बिले वादात अडकून राहत. हा वाद नुसता मनस्तापाचा राहिलेला नव्हता. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ग्राहकाला, लेखी करार असेल तरीही, जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागतात, आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातील तरतुदीमुळे मुदत उलटून वर्षअखेर थकीत राहिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही. ग्राइंडिंगवाला सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला होता. म्हणजे पिनांच्या मोजणीतला वाद थेट मालकांच्या करापर्यंत पोहोचत होता.

मी सहा महिन्यांची चलने काढून पिनांच्या व्यासानुसार वेगळी केली. एक विचित्र गोष्ट दिसली. बारीक पिना जवळजवळ नेहमी कमी भरत होत्या आणि जाड पिना पुष्कळदा जास्त भरत होत्या. चोरी करणारा माणूस जाड पिना आपल्या पदरच्या घालत नाही. मग कागदावर साधा हिशोब मांडला. ग्राइंडिंगसाठी व्यासावर साधारण 0.15 मिलिमीटर साहित्य ठेवलेले असते. 8 मिलिमीटरच्या पिनेत एवढे साहित्य गेले तर वजन सुमारे 3.6 टक्क्यांनी घटते. 20 मिलिमीटरच्या पिनेत तेवढेच गेले तर घट जेमतेम दीड टक्का असते, कारण वजन व्यासाच्या वर्गावर अवलंबून आहे. दोन्हींना सरसकट 2 टक्के लावले की 8 मिलिमीटरच्या 5,000 पिना पूर्ण परत येऊनही काटा 84 नग कमी दाखवणार, आणि 20 मिलिमीटरच्या 5,000 पिनांवर 26 नग जास्त दाखवणार. ग्राइंडिंगवाल्याकडे बारीक पिनांचे काम अधिक होते. त्याच्या बिलातून कापले गेलेले बहुतेक पैसे न हरवलेल्या पिनांचे होते.

मालकांनी तो कागद दोनदा पाहिला, स्वतः काट्यावर जाऊन दोन लॉट नव्या नमुना-वजनाने मोजले, आणि त्याच आठवड्यात ग्राइंडिंगवाल्याचे कापलेले पैसे परत केले. हा निर्णय पूर्णपणे त्यांचा होता. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो या कारणाने.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सरसकट 2 टक्क्यांची रीत प्रणालीत टाकली गेली तेव्हा तिला आकड्यांचे वजन आले. रजिस्टरमध्ये काका ती 'अंदाजे' म्हणून लिहीत आणि भांडण झाले तर थोडे सोडून देत. प्रणालीने तोच अंदाज दोन दशांशांपर्यंत छापून दिला, आणि छापून आलेल्या आकड्यापुढे ग्राइंडिंगवाल्याचे कोणी ऐकेना. चुकीची रीत संगणकावर चढवली की ती अधिक ठामपणे चुकते.

चलनातूनच नोंद

यानंतर आम्ही जे बनवले ते फार लहान होते. मोठ्या प्रणालीतील बिले आणि खरेदी तशीच ठेवली. साठ्याचा विभाग बंद केला. स्टोअरच्या टेबलावर एक साधा अँड्रॉइड टॅबलेट आणि एक प्रिंटर ठेवला, आणि त्यावर एकच काम ठेवले: चलन बनवणे.

चलन निवडण्याचे कारण सरळ आहे. जीएसटी नियमावलीतील नियम 55 नुसार जॉबवर्कचा माल डिलिव्हरी चलनाशिवाय बाहेर जाऊ शकत नाही, आणि चलनाच्या तीन प्रती लागतात. टेम्पोवाला चलन हातात पडेपर्यंत हलत नाही. म्हणजे माल हलतो त्या क्षणी कोणीतरी वस्तू, नग आणि पार्टी लिहितच असतो. तीच लिहिण्याची क्रिया टॅबलेटवर आणली तर वेगळी नोंद करण्याची गरजच उरत नाही. जपानमध्ये ताइइची ओनो यांनी टोयोटात रुजवलेल्या कानबान पद्धतीतही कार्ड मालाच्या पेटीबरोबरच फिरते. कार्ड नाही तर माल हलत नाही, त्यामुळे कार्डावरची माहिती खरी राहते. आपल्याकडे हे कार्ड कायद्यानेच प्रत्येक टेम्पोत ठेवलेले आहे, आणि आपण ते कार्बनच्या पुस्तकात वाया घालवतो.

टॅबलेटवर पार्टी निवडली की तिच्याकडे जाणाऱ्या वस्तूच दिसतात, आणि त्या कारखान्यातल्या नावांनी दिसतात. 'खाचेची पिन' दाबले की छापील चलनावर ड्रॉइंगचा क्रमांक आपोआप येतो. नमुना-वजन प्रत्येक वेळी काट्यावरून घ्यावेच लागते, आणि घट त्या पिनेच्या व्यासावरून काढलेली असते. हीट ट्रीटमेंटहून थेट तळवड्याला जाणाऱ्या मालासाठी 'परस्पर पाठवणी' असे वेगळे बटण दिले. त्यात एकच नोंद होते आणि ती खरी असते. काकांनी हे बटण पाहिले तेव्हा ते पहिल्यांदा टॅबलेटकडे खुर्ची ओढून बसले.

चलन छापले की पार्टीला व्हॉट्सॲपवर त्याची प्रत जाते. हे मी सुरुवातीला दुय्यम समजले होते. प्रत्यक्षात जॉबवर्कवाल्यांना ती सर्वांत आवडली, कारण किती नग येत आहेत हे टेम्पो पोहोचण्याआधी कळू लागले आणि कमी-जास्त असेल तर फोन त्याच दिवशी येऊ लागला.

आणि सकाळी नऊ वाजता एक यादी निघते. पार्ट्यांनुसार, आणि तिच्यात फक्त अडकलेला माल. प्रत्येक पार्टीला किती दिवस द्यायचे हे काकांनी ठरवून दिले आहे. प्लेटिंगवाल्याला पावसाळ्यात एक दिवस जास्त धरायचा, हेही त्यांनीच सांगितले. यादीला आम्ही 'दुमडलेली पाने' असेच नाव दिले. मालकांच्या मोबाईलवरही तीच यादी जाते, वेगळा आलेख किंवा तक्ता नाही.

कायदेशीर कामही यातून सुटले. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, अन्यथा तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते. 5 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचे आयटीसी-04 हे विवरण वर्षातून दोनदा, 25 ऑक्टोबर आणि 25 एप्रिलपर्यंत भरावे लागते. पूर्वी त्यासाठी हिशोबनीस बाई आणि तो मुलगा चलनांचे गठ्ठे घेऊन कित्येक दिवस बसत. आता त्या विवरणाचा तक्ता चलनांमधूनच तयार होतो.

पहिल्या महिन्यात काकांनी रजिस्टरही चालू ठेवले. मालकांना वाटे की ते बंद करायला सांगावे. मी तसे करू नका म्हणून आग्रह धरला. दोन नोंदी ठेवणारा माणूस नव्या साधनाची परीक्षा घेत असतो, आणि ती परीक्षा त्याने पूर्ण करू द्यावी. दुसऱ्याच गुरुवारी ती झालीही. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि विजेच्या दुरुस्तीची कामेही पुष्कळदा त्याच दिवशी निघतात. त्या दिवशी तातडीचा लॉट पाठवायचा होता, वीज नव्हती, इंटरनेट नव्हते, आणि टॅबलेटवर नुसते फिरणारे वर्तुळ दिसत होते. काकांनी काही न बोलता खणातून कार्बनचे पुस्तक काढले, चलन फाडले आणि टेम्पो सोडला. चूक आमची होती. इंटरनेट नसतानाही चलन टॅबलेटमध्येच तयार व्हावे आणि जोडणी आल्यावर पुढे जावे, अशी रचना पहिल्या दिवसापासून हवी होती. ती करून दिली, प्रिंटरला लहान बॅटरी बसवली, आणि कार्बनचे पुस्तक खणात राहू दिले. ते आजही तेथे आहे. वेळप्रसंगी वापरलेल्या कागदी चलनाची नोंद नंतर करण्यासाठी एक जागाही ठेवली आहे. साधन बंद पडले तर काम कसे चालेल, याचे उत्तर साधनातच असले पाहिजे, हे मी त्या गुरुवारी शिकले.

न जमलेल्या गोष्टी

क्रेटवर बारकोडचे स्टिकर लावण्याचा आमचा प्रयत्न फसला. कूलंट आणि तेलाने ते आठवड्यात सुटले. पत्र्याचे बिल्ले लावून पाहिले, पण हीट ट्रीटमेंटवाला माल स्वतःच्या जाळीच्या टोपल्यांत ओततो, त्यामुळे आमच्या क्रेटची ओळख भट्टीपाशीच संपते. शेवटी फाटकावरील नग आणि वजन एवढ्यावरच समाधान मानले. प्रत्येक पिन कोठे आहे हे कळत नाही, कोणत्या पार्टीकडे किती आहेत हे कळते, आणि या कारखान्याला तेवढे पुरते.

यंत्रांवर सेन्सर बसवून उत्पादन मोजण्याची सूचना मालकांच्या एका स्नेह्याने आणली होती. ती मी आता नको म्हणाले. येथे यंत्रे रिकामी राहण्याचे मोठे कारण बाहेर अडकलेला माल हे होते, आणि ते कारण तसेच असताना यंत्र किती मिनिटे थांबले हे अचूक मोजून काही साधले नसते.

ग्राहकांच्या पोर्टलांची अडचण तशीच आहे. प्रत्येक मोठ्या ग्राहकाचे पोर्टल वेगळे, वेळापत्रक उतरवून घेण्याची पद्धत वेगळी. तो मुलगा आजही सकाळी ती वेळापत्रके हाताने एका तक्त्यात भरतो. लहान पुरवठादाराच्या हातात हे बदलणे नाही.

मालकांनी करार करताना मला एक प्रश्न विचारला होता: "उद्या तुम्ही नसलात तर?" हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारावा असे मला वाटते. त्याचे उत्तर म्हणून रोज रात्री सगळी चलने साध्या एक्सेलच्या स्वरूपात मालकांच्या स्वतःच्या संगणकावर उतरतात. ती उघडायला माझ्या प्रणालीची गरज लागत नाही. वापरकर्त्यांच्या संख्येवर पैसे घेणेही मी सोडले आणि कारखान्यामागे एकच वार्षिक रक्कम ठरवली, जेणेकरून दोन्ही पाळ्यांतील प्रत्येक माणूस स्वतःच्या नावाने नोंद करू शकेल.

परिणामांविषयी मी मोजूनमापून लिहीन. संध्याकाळचे फोन पूर्ण थांबलेले नाहीत, पण आता ते 'माल कुठे आहे' असे विचारत नाहीत, 'कधी देताय' असे विचारतात. मालकांनी जास्तीचा माल कातून ठेवणे हळूहळू कमी केले. ग्राइंडिंगवाल्याची बिले मुदतीत निघतात. काका गेल्या मे महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी आठवडाभर गावी होते, आणि त्या आठवड्यात स्टोअर त्या मुलाने सांभाळले.

एक काम मात्र अजून अपुरे आहे. प्लेटिंग नाकारले गेले की पिना जुने प्लेटिंग काढून पुन्हा प्लेटिंगला जातात. त्याच पिना दुसऱ्यांदा नव्या चलनावर निघतात, आणि पहिल्या चलनाशी त्यांचे नाते आमच्या साधनात नीट जोडले जात नाही. काका सध्या अशा चलनाच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने जुना क्रमांक लिहून ठेवतात. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा स्टोअरमध्ये बसणार आहे, आणि सुरुवात त्या पेन्सिलीच्या क्रमांकांपासून करणार आहे.